जड पाण्याची बाटली आणि इतर जंगम मालमत्ता

लिहून ठेवणार: डॉ. तारामती आदगोंडा मगदूम, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय निवृत्त प्राध्यापिका (रसायनशास्त्र), राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. राज्याबाबत आमच्या घरात एकमत नाही, पण विजेचे बिल तिकडूनच येते.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. मी बहात्तरावर येऊन थांबले आणि म्हणाले की हे माझे वय आले, आता पुढे तुम्ही करा. त्यांना ते विनोदी वाटले नाही, पण सही केली. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतके लक्ष माझ्याकडे गेल्या दहा वर्षांत कोणी दिलेले नाही.

हे मृत्युपत्र मी मराठीत आणि स्वहस्ते लिहीत आहे. कचेरीत त्याचे कन्नड भाषांतर जोडावे लागले तर ते ॲड. रूपाली सदलगे करून घेतील. रूपाली माझी जुनी विद्यार्थिनी आहे. रसायनशास्त्रात तिला कसेबसे पस्तीस मिळाले, म्हणून ती वकील झाली आणि सुखी आहे. ती समोर बसली आहे आणि दर चार ओळींनी म्हणते, "मॅडम, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, हे काढूया काय?" मी काहीही काढणार नाही.

ती पहिली साक्षीदार. दुसऱ्या साक्षीदाराची आम्ही वाट पाहत आहोत. त्याचे नाव जोतिबा परशराम गावडे, आणि तो जांबोटीहून येतो आहे. तिकडच्या बसचा भरवसा नसल्यामुळे तो कधी पोचेल हे सांगता येत नाही. तेहतीस वर्षांपूर्वी मी या माणसाची नोकरी घालवली. साक्षीदार हवा एवढेच कारण देऊन त्याला बोलावले आहे, आणि तो का म्हणून न विचारता यायला निघाला. खरे तर हे सगळे मृत्युपत्र त्याच्यासाठीच्या एका कलमापुरते आहे. आधीची कलमे धीर गोळा करण्यासाठी लिहीत आहे.

कलम १. देह.

माझ्या देहाचे दहन करावे. मी आयुष्यभर शिकवले की उष्णता निवड करत नाही. ती सगळ्यांना सारखे हलवते आणि जो कच्चा असेल तो आधी तुटतो. माझ्या बाबतीत आता निवडीची गरज नाही. भाषणे नकोत. माझा भाऊ बाळगोंडा याला राहवलेच नाही तर त्याने दोन वाक्ये बोलावीत, व त्यात 'त्यागमूर्ती' हा शब्द येऊ नये. लग्न न केलेल्या प्रत्येक बाईला हा शब्द चिकटवतात. मी कसलाही त्याग केलेला नाही. मला कोणी आवडले नाही, आणि ज्यांना मी आवडले त्यांना माझा पगार जास्त आवडला.

कलम २. घर.

निपाणी येथील माझे राहते घर, खाली तीन खोल्या व वर पत्र्याची एक खोली, हे माझ्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून घेतलेले आहे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बाळगोंडाची तंबाखूची वखार, दक्षिणेस सार्वजनिक बोळ, उत्तरेस शामू टेलर यांचे दुकान, जे दर पावसाळ्यानंतर चार बोटे माझ्याकडे सरकलेले आढळते. हे घर मी बाळगोंडाची मुलगी दिव्या हिला देत आहे.

कारण लिहून ठेवते, म्हणजे तिचा भाऊ वृषभ कोर्टात विचारणार नाही. दिव्या नऊ वर्षांची असताना माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून म्हणाली, "आत्या, पाण्यात दोन हायड्रोजन असत्यात न्हवं? मग पाणी तुटताना पहिला कुठला तुटतो?" आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न आहे. बाकीचे सगळे विचारतात ते भाव. या एका प्रश्नासाठी मी घर देत आहे, आणि ते मला स्वस्त वाटते.

कलम ३. भाऊ.

बाळगोंडा हा माझा धाकटा भाऊ. अतिशय धार्मिक. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो खाली बघून चालतो आणि चालत चालत तंबाखूच्या वखारीत जातो. तिथे पोचल्यावर तो खाली बघत नाही. मी पुण्यात संशोधन करत होते तेव्हा तो पाहुण्यांना सांगायचा, "आमची आक्का लेजरनं पाणी तोडती." पाहुणे विचारायचे, "कशापायी?" यावर तो म्हणायचा, "ते तिलाबी अजून कळलेलं न्हाय."

वाटणीच्या वेळी त्याने विहीर आपल्याकडे घेतली आणि मला सांगितले की तुला काय करायची विहीर, तुला संस्थेत नळ आहे. त्या विहिरीतील माझा कागदोपत्री हिस्सा मी त्यालाच देते. मी त्याला मनापासून माफ केले आहे, असेही लिहिणार होते; पण रूपाली म्हणते की खोटे विधान आढळल्यास सगळा दस्तऐवज अडचणीत येतो.

कलम ४. लेसर.

पत्र्याच्या खोलीत चादरीखाली झाकलेला लेसर मी वृषभला देत आहे. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी काम केले, तिने तो भंगारात काढला तेव्हा मी लिलावात बोली लावली. माझ्याविरुद्ध एक भंगारवालाच होता, आणि त्यालाही माझी कीव आली. टेम्पोने आणताना कोगनोळीच्या सीमा नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. आत काय आहे असे विचारल्यावर मी म्हणाले, उजेडाचे मशीन.

"चालू करून दाखवा."

"बंद पडलंय."

"मग न्हेताय कशाला?"

मी मशीनवरची चादर नीट केली. वृषभने तो लेसर पाहून विचारले, "ह्यात सोनं असतंय काय, आत्या?" काही आरशांवर सोन्याचा मुलामा आहे, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. हे वाचेपर्यंत त्याला कळू नये.

कलम ५. माझे तत्कालीन विभागप्रमुख.

ते हयात आहेत व त्यांना सर्व पुरस्कार मिळून झाले आहेत. त्यांना मी माझ्या कपाटातील साधा तापमापक देते, कारण उष्णता आणि प्रकाश यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. ते म्हणायचे, लेसरने एवढे करायचे ते आपण शेगडीवर का करत नाही?

का करत नाही ते इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या कलमाचा अर्थ लागणार नाही. कडोलीला साहित्य संमेलन ऐकायला गेले होते तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या एका आजोबांना मी हेच सांगितले होते. त्यांनी लेसर हा शब्द ऐकताच मला डोळ्यांची डॉक्टर समजून उजवा डोळा दाखवला, पण नंतर सगळे नीट ऐकून घेतले. एवढे माझ्या विभागप्रमुखांनी कधी केले नाही.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन हातांना दोन हायड्रोजन असतात, जुळ्या पोरांसारखे. त्यांच्यात निवड करता येत नाही. पण एक साधा हायड्रोजन काढून त्या जागी दुप्पट वजनाचा जड हायड्रोजन बसवला की एका हाताला हलके पोर आणि दुसऱ्या हाताला जड. दोन्ही हात सतत हलत असतात. हलका भराभर, जड सावकाश. लेसरचा रंग हलक्याच्या वेगाशी तंतोतंत जुळवला तर फक्त तोच हात जोरजोरात झुलू लागतो आणि जड हात होता तसाच राहतो. अशा वेळी बाहेरून एखादा मोकळा अणू येऊन धडकला तर तो झुलणारे पोर पळवतो, दुसऱ्याला हातही लावत नाही. म्हणजे कोणता बंध तुटावा हे आपण ठरवले. शेगडीवर हे होत नाही. शेगडी म्हणजे आमच्या घरातले भांडण: बोलायचे असते एकाला, आणि घरभर सगळी भांडी वाजतात.

मोठ्या रेणूंत हे स्वप्न फसते. एका बंधाला दिलेली ऊर्जा क्षणात साऱ्या रेणूभर पसरते, आणि शेवटी तापवल्यासारखेच होते. पण पाण्याचा रेणू लहान. त्याला घरातली गोष्ट घरात पसरवायला वेळ मिळत नाही. म्हणून आम्ही पाणी घेतले. आजोबा म्हणाले, "म्हंजे पायजे त्येच तोडायचं आन बाकीचं शाबूत ठिवायचं. माणसात जमतंय का हे?" मी म्हणाले, नाही.

कलम ६. बाटली.

देवघराच्या शेजारी, लाकडी कपाटात, बुचाची काचेची एक बाटली आहे. तिच्यात सुमारे अर्धी बाटली पाणी आहे. तिची हकीकत अशी.

सन १९९२. लेसर आम्हाला दुसऱ्या विभागाकडून अकरा दिवसांसाठी उसना मिळाला होता. जड पाण्याची, म्हणजे दोन्ही हातांना जड हायड्रोजन असलेल्या पाण्याची, ती एक बाटली मिळवायला आठ महिने अर्ज करावे लागले होते. मी तिच्यात जेमतेम दहावा हिस्सा साधे पाणी घातले होते. प्रमाण फार महत्त्वाचे. जड पाणी भरपूर आणि साधे थोडे असले, तर प्रत्येक हलक्या पोराच्या शेजारी जड पोरच येते. साधे पाणी वाढले की पुन्हा जुळी पोरे येतात, आणि मोजणीत सगळा गोंधळ.

माझ्या हाताखाली तंत्रज्ञ होता जोतिबा गावडे. बेळगावला आयटीआय केलेला, जांबोटीच्या शेतकऱ्याचा मुलगा, हंगामी नोकरीवर. पुढच्या महिन्यात तो कायम होणार होता. आरसे जुळवण्यात त्याचा हात धरणारा मी पुन्हा पाहिला नाही. मी आकडे घेऊन बसायची आणि तो नुसत्या नजरेने सांगायचा, "मॅडम, आरसा केसभर डावीकडं सरकलाय." पहिले सात दिवस निकाल असे आले की आम्ही एकमेकांकडे बघायला घाबरत होतो. हलका बंध तुटत होता आणि जड बंध जागचा हलत नव्हता.

त्या वर्षी माझी आई, पद्माबाई, माझ्याकडे राहायला होती. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाही आणि प्रयोग सोडून मी घरी जात नव्हते, म्हणून रोज पाच वाजता आई डबा आणि आपल्या हातचे गाळलेले पाणी पितळी तांब्यात घेऊन प्रयोगशाळेत यायची. पहारेकरीसुद्धा तिला अडवत नसत. तिथे मी संशोधक नव्हते, उपाशी पोर होते.

आठव्या दिवशी बाटली टेबलावर उघडी होती. विभागप्रमुखांनी पाच मिनिटांसाठी बोलावले म्हणून मी गेले आणि त्यांनी तासभर मला शेगडीबद्दल सांगितले. परत आल्यावर मोजणी लावली तर सगळे विस्कटलेले. त्यांनी मुद्दाम बोलावून आणलेले पाहुणे मागे उभे होते, आणि पडद्यावर जुळी पोरे नाचत होती. बाटली पाहिली. पाणी खुणेच्या बोटभर वर होते. कोणीतरी साधे पाणी घातले होते.

त्या खोलीच्या किल्ल्या दोन होत्या. एक माझी, एक जोतिबाची. माझ्या तर्कशुद्ध मेंदूला अर्धे मिनिट लागले. याने बाटली सांडली, घाबरून नळाचे पाणी भरले, आणि अंदाज चुकून जास्त भरले. मी तीन पानी अहवाल लिहिला. 'निष्काळजीपणा आणि तो लपवण्याचा प्रयत्न' हे शब्द माझे आहेत. विभागप्रमुखांनी माझे लिखाण एकही शब्द न बदलता पुढे पाठवले, असे ते पहिल्यांदाच घडले.

जोतिबा किल्ली परत द्यायला आला. टेबलावर ठेवली. म्हणाला, "येतो मॅडम. आरसा दुपारचा डावीकडं सरकतोय, तेवढं बघत जावा." मी मान वर केली नाही. लेसर परत गेला. पुन्हा जड पाणी मिळेपर्यंत परदेशातल्या लोकांनी हाच प्रयोग नीट करून छापला. त्यांच्या घरी पाच वाजता डबा येत नसावा. मी निपाणीला परतले आणि बी.एस्सी.च्या मुलांना वीस वर्षे उष्णता शिकवली.

सन २००८ मध्ये आई अंथरुणाला खिळली. जाण्याच्या चार दिवस आधी तिने मला जवळ बोलावले. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"तारे, तुझ्या त्या काचेच्या बाटलीतलं पाणी मीच गाळून ठिवलंतं बघ. एवढी शिकलीस, पर पाणी गाळायचं तुला कधी सुचलं न्हाय. फडकं माझ्या तांब्यातल्या पाण्यानं धुतलं आन ते धुवणबी त्याच बाटलीत परत घातलं. जीव ज्या पाण्यातला त्याच पाण्यात जायाला पायजे. म्हटलं, माझ्या लेकीच्या माथी पाप नगं."

ती हे अभिमानाने सांगत होती. पाणी गाळायचे, फडके धुवायचे आणि धुवण मूळच्या पाण्यात परत सोडायचे, हे मी पाच वर्षांची असल्यापासून विहिरीवर केले आहे. तो तांब्या रोज माझ्या टेबलावर असायचा. दोन अधिक दोन करायला मला सोळा वर्षे लागली, आणि तेही उत्तर कोणीतरी सांगितले म्हणून. मी आईला म्हणाले, "बरं केलंस." दुसरे काय म्हणणार होते?

त्यानंतर सतरा वर्षे झाली. मी जोतिबाला सांगितले नाही. एकदा गेले होते. बेळगावला जाऊन जांबोटीची बस पकडली, उतरले, स्टँडजवळ चहा घेतला. हॉटेलवाल्याला विचारले तर म्हणाला, "जोतिबा गावडे व्हय, पंप दुरुस्त करणारा? पुण्यास्नं काढून लावलेला त्योच न्हवं? ते वरच्या अंगाला घर." मी चहाचे पैसे दिले आणि त्याच बसने परत आले. लोकांनी कारण विचारले असते तर मी सांगितले असते, पाऊस फार होता.

ही बाटली मी दिव्याला देते. तिच्यातले पाणी कोणीही गाळू नये.

कलम ७. बंद पाकीट.

बाटलीखाली एक बंद पाकीट आहे. त्यात वरील हकीकत इंग्रजीत लिहून, माझा १९९२ चा अहवाल खोटा होता व जोतिबा गावडे निर्दोष आहे असे संस्थेला कळवले आहे. एक प्रत संस्थेला, एक जोतिबाला. हे पाकीट माझ्या मृत्यूनंतर एक महिन्याने उघडावे. मेल्यावर माफी मागण्याची कायद्याने केलेली ही सोय फार उत्तम आहे. समोरचा माणूस आपल्याकडे कसा बघतो ते बघावे लागत नाही.

इथपर्यंत मजकूर दुपारी लिहून झाला. पावणेपाच वाजता जोतिबा आला.

पुढचे मी त्याच बैठकीत लिहीत आहे. रूपाली म्हणते की हे कलमात बसत नाही. नाही तर नाही.

तो म्हातारा झाला आहे. मीही झाले आहे, पण तो मला अचानक झालेला दिसला. हातात पिशवी, तिच्यात स्वतःच्या शेतातला तांदूळ. बसण्याआधी त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, पाच वाजत आले. तुमचं जेवण झालं का?" मी नाही म्हणाले. "मग आदी जेवून घ्या. सूर्य थांबायचा न्हाय." मी जेवले. तेहतीस वर्षांनी त्या माणसाने मला पाचाचे जेवण जेवायला लावले. तो समोर बसून होता.

मग मजकूर वाचायची वेळ आली. साक्षीदाराने मृत्युपत्राचा मजकूर वाचायची गरज नसते, त्याने फक्त माझी सही पाहायची असते. रूपालीने हे मला दोनदा सांगितले होते. माझा सगळा बेत याच एका सोयीवर उभा होता. तो सही करेल, जाईल, आणि मी मेल्यावर त्याला कळेल. पण तो पिशवी पायाशी ठेवून, हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि मी रूपालीला म्हणाले, "सहावं आणि सातवं कलम मोठ्यानं वाच. माझा चष्मा सापडत नाही." चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

रूपालीने वाचले. जोतिबा ऐकत होता. आईच्या बोलण्याशी ती आली तेव्हा तो जरासा हसला. सातवे कलम संपल्यावर म्हणाला, "हे मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?" मी विचारले.

"आईंनी पाणी गाळलेलं. मी खालनं नायट्रोजन घिऊन आलतो, दारातच हुतो. आत येस्तवर फडकं धुऊन झालतं. मी म्हटलं, आई, हे प्यायचं पाणी न्हवं ओ. त्या म्हणाल्या, प्यायचं नसलं म्हणून काय झालं, जीव असत्यातच की. ह्याच्यावर मी काय बोलणार?"

रूपालीने कागद खाली ठेवला. मी विचारले, "मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

"त्या लई खूश हुत्या, मॅडम. तुमचं कायतरी चांगलं केलं म्हणून. त्यांच्यादेखत त्यांचं नाव आपणहून कसं घ्यायचं? मी ठरवलंतं, तुमी इचारलं की सांगायचं. इचारल्यावर खोटं बोलायचं न्हाय. तुमी दोन दिस चिडाल, मग उतरंल." मग म्हणाला, "तुमी इचारलंच न्हाय."

मी तीन पाने लिहिली होती. प्रत्येक पानावर आकडे होते. त्या खोलीत उत्तर माहीत असलेला एक माणूस माझ्यापासून चार फुटांवर उभा होता, आणि त्याला मी एक प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला म्हणून मी एका मुलीला घर देऊन बसले आहे. मला लाज वाटते. हे वाक्य उपरोधाने वाचू नये.

मी त्याला विचारले की इतकी वर्षे तू गप्प का राहिलास, आई गेल्यावर तरी एक पत्र टाकायचेस. तो म्हणाला, "माझ्या सांगण्याला कोण किंमत देणार हुतं? कागुद तुमचा हुता." मग म्हणाला, "आमची आई तेवढी जाईस्तवर इचारायची, पोरा, खरं सांग, काय चोरलंस तितं? तिला हे वाचून दाखवायला पायजे हुतं. बाकी कुणाचं काय न्हाय."

त्याच्या आईला वाचून दाखवायची मुदत माझ्याच हातून टळली. ती गेल्याला नऊ वर्षे झाली. मी स्टँडवर चहा पिऊन परतले तेव्हा ती वरच्या अंगाच्या घरात होती.

कलम ८. दुरुस्ती.

कलम ७ मी या क्षणी पूर्णपणे रद्द करत आहे. पाकीट साक्षीदारांसमोर आज फोडले व दोन्ही प्रती जोतिबाच्या हातात दिल्या. येत्या सोमवारी मी आणि जोतिबा पुण्याला जाऊन संस्थेची प्रत स्वतः देणार आहोत. दिली म्हणून पोच घेणार आहोत, आणि परत येताना ती पोच जांबोटीच्या त्या हॉटेलात मोठ्याने वाचणार आहोत. वाचणार मी. जोतिबा म्हणाला, "आता कशाला, मॅडम, सासष्ट झालीत मला." मी म्हणाले की मी तुला विचारत नाही, आणि लगेच लक्षात आले की हेच माझे जुने दुखणे आहे. म्हणून विचारले, "येशील का?" तो व्हय म्हणाला.

हे प्रत्यक्ष होण्याआधी माझे काही बरेवाईट झाल्यास हीच दोन्ही कामे दिव्याने करावीत, व त्याआधी घराचा ताबा घेऊ नये.

कलम ४ सुद्धा बदलते. लेसर वृषभला न देता जोतिबाला देते. त्याला वर पत्र्याच्या खोलीत नेले. त्याने चादर काढली, डोळा मिचकावून एका रेषेत पाहिले आणि म्हणाला, "डावीकडंच सरकलाय अजून." त्याने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. जांबोटीहून साक्ष द्यायला येताना माणूस स्क्रू ड्रायव्हर का आणतो, हे मी विचारले. तो म्हणाला, "तुमी बोलावलंतं न्हवं." वृषभला त्याऐवजी कलम ५ मधील तापमापक मिळेल, विभागप्रमुखांना काहीच देऊ नये.

कलम २, ३ व बाटलीबाबतचा भाग कायम. बाळगोंडाविषयीचा मजकूरही कायम, त्याने कितीही विनवणी केली तरी.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. तो बरोबर आहे, आणि त्यातला काही भाग बराच आधी लिहायला हवा होता. दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली व त्यांनी माझ्या समक्ष केली.

ठिकाण: निपाणी. दिनांक: ८ मार्च २०२५, सूर्यास्तापूर्वी.

(सही) तारामती आदगोंडा मगदूम

साक्षीदार १: (सही) ॲड. रूपाली सदलगे, वय ४१, व्यवसाय वकिली, रा. निपाणी. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, हे मी त्यांना सांगितले होते.

साक्षीदार २: (सही) जोतिबा परशराम गावडे, वय ६६, रा. जांबोटी, ता. खानापूर. व्यवसाय: <s>शेती व पंप दुरुस्ती</s> तंत्रज्ञ, लेसर प्रयोगशाळा.

वरील एक खाडाखोड माझ्या हातची आहे. साक्षीदाराला विचारून केली आहे. ता. आ. मगदूम